माळ्यावरचा सीपीयू आणि लिनक्स: आधी सेल, मग डिस्क, डिस्ट्रोचं शेवटी बघू

हौशी भंगारवाला (धागालेखक)

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून आमच्या घराचा पांजरपोळ झालाय. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचं काही हवं, टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप हवी. ज्या नातेवाइकाकडे यातलं काही नाही तो "तुला हौस आहे ना, बघ काही होतंय का" म्हणत आपला डबा दारात ठेवून जातो. हौस आहे हे खरंच, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही.

जुन्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची प्रणाली टाकायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "कुठलं डिस्ट्रो टाकू?" डिस्ट्रो म्हणजे लिनक्सचा एखादा तयार अवतार. मग मिंटवाले, पपीवाले, डेबियनवाले एकमेकांच्या अंगावर धावून जातात आणि विचारणारा गुपचूप सीपीयू परत माळ्यावर टाकतो. माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा.

आधी बघायचं ते मशीनचा प्रोसेसर ३२ बिट (जुन्या धाटणीचा) आहे की ६४. इथे पुष्कळ जण फसतात, कारण त्यावर ३२ बिट विंडोज ७ दिसतं आणि मशीनच ३२ बिट आहे असं धरून चालतात. कोअर टू ड्युओ सगळे ६४ बिट आहेत, फक्त त्या काळी रॅम दोन जीबी असायची म्हणून दुकानदार ३२ बिट विंडोज टाकून द्यायचे. खरे ३२ बिट म्हणजे ॲटम एन२७० वाली छोटी नेटबुकं, जुने पेंटियम एम वगैरे. त्यांचे दिवस आता भरत आलेत. क्रोमने ३२ बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडलं. डेबियन १३ (ऑगस्ट २०२५) ला ३२ बिटचा इन्स्टॉलरच नाही. फायरफॉक्सने १४५ व्या आवृत्तीपासून हात काढून घेतला, आता ईएसआर १४० या दीर्घ आधाराच्या आवृत्तीवर भागवायचं. म्हणजे नेटबुकवर अँटिएक्स २३ हे हलकं डिस्ट्रो टाका, ते डेबियन १२ वर उभं आहे आणि डेबियन १२ ला जून २०२८ पर्यंत दीर्घ मुदतीचा आधार आहे. तोवर वापरा. नंतर नेटला न जोडता गाणी ऐका.

दुसरं, सेल. मदरबोर्डवरचा तो रुपयाएवढा सीआर२०३२. माळ्यावर पाच-सात वर्षं पडलेल्या मशीनमधला सेल मेलेलाच असतो. परिणाम असा की मशीन चालू केलं की तारीख येते १ जानेवारी २००९. मग इन्स्टॉलेशन नीट होतं, पण एकही वेबसाइट उघडत नाही, कारण ब्राउझरच्या हिशेबी साइटचं प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. ॲप्टने (डेबियन-मिंटचं सॉफ्टवेअर उतरवणारं साधन) अपडेट करायला जावं तर "रिलीज फाइल अजून वैध नाही" असं सांगून तेही हात वर करतं. लोक याला वायफायचा दोष समजतात, राउटर बंद-चालू करतात, लिनक्सला शिव्या घालतात. किराणा दुकानातही मिळणारा चाळीस-पन्नास रुपयांचा सेल बदलला की संपलं. बदलल्यावर बायॉसमध्ये (मशीन सुरू होतानाची मूळ सेटिंग) जाऊन तारीख लावा आणि गेलाच आहात तर डिस्कच्या जोडणीची, म्हणजे साटाची पद्धत 'आयडीई'वर असेल तर 'एएचसीआय' करून घ्या. हे लिनक्स टाकायच्या आधी करा. त्यावरचं जुनं विंडोज ठेवायचं असेल तर मात्र हात लावू नका, ते पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर अडकेल.

तिसरं, डिस्क. जुनं मशीन 'हँग होतं' म्हणतात तेव्हा दहातल्या आठ वेळा प्रोसेसर मोकळाच बसलेला असतो आणि हार्डडिस्क करकरत असते. फिरती डिस्क सेकंदाला शंभरेक ठिकाणी उडी मारू शकते, साधीतली साधी एसएसडी हजारो. जुन्या बोर्डाचा साटा-२ म्हणजे सेकंदाला ३०० एमबीच्या आत, पण रोजच्या वापरात तो वेग आडवा येत नाही, उड्या आडव्या येतात. मी घेतल्या तेव्हा २४० जीबीची दीड हजाराच्या आत मिळत होती, सध्या भाव चढलेत. जुनी डिस्क काढून बाजूला ठेवायची, फॉरमॅट मारायचा नाही. त्यात कुणाच्या तरी मुंजीचे फोटो असतात आणि ते सहा महिन्यांनी आठवतात.

आता प्रत्यक्ष टाकण्याबद्दल थोडं. जी४१ चिपसेटवाल्या बोर्डांवर एक गंमत आहे. बायॉसच्या बूट क्रमात पेनड्राईव्ह दिसतच नाही. 'रिमूव्हेबल' निवडलं तरी काही होत नाही. कारण ते बायॉस पेनड्राईव्हला हार्डडिस्क समजतं. 'हार्ड डिस्क ड्राइव्ह्ज' नावाची वेगळी उपयादी असते, तिच्यात जाऊन पेनड्राईव्ह वर आणायचा, मग मागे येऊन पहिलं बूट साधन हार्डडिस्क ठेवायचं. हे न कळल्यामुळे किती जणांनी डीव्हीडी रायटर विकत घेतले असतील देव जाणे.

नेटबुकची दुसरी गंमत. त्यांचा पडदा १०२४ बाय ६००. इन्स्टॉलरची खिडकी त्यापेक्षा उंच, म्हणजे 'पुढे' हे बटण पडद्याच्या खाली कुठेतरी. आल्ट दाबून धरा आणि खिडकी कुठेही पकडून वर ओढा, बटण दिसतं.

सध्या टेबलावर एक कोअर टू ड्युओ ई७५०० आणि एक नेटबुक आहे. प्रश्न विचारा, जमेल तसं सांगतो.

टर्मिनलेश्वर

धागा आवडला, पण "डिस्ट्रो शेवटी" हे पटलं नाही. अँटिएक्स चालू झाल्यावर दोनशे-अडीचशे एमबी रॅम खातं, मिंट एक्सएफसीई (मिंटचं हलकं रूप) सात-आठशे. दोन जीबीच्या मशीनवर हा फरक म्हणजे चैन नव्हे. शिवाय काही डिस्ट्रो जुन्या प्रोसेसरवर उठतच नाहीत. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ (कंपन्यांसाठीचं डिस्ट्रो) आणि त्याच्या भावंडांना एक्स८६-६४ ची दुसरी पातळी, म्हणजे ६४ बिट प्रोसेसरच्या सूचनांचा वाढीव संच लागतो, तुमच्या कोअर टू ड्युओत त्यातल्या काही सूचना नाहीत. डेबियन मात्र अजून पहिल्या पातळीवर टिकून आहे.

अवांतर: २००६ च्या सुमारास उबुंटूची सीडी पोस्टाने फुकट यायची. शिपइट म्हणायचे, २०११ ला बंद झालं. परदेशी पाकीट बघून पोस्टमनने आईला विचारलं होतं, मुलगा कधी निघाला म्हणून. आणि ज्यांना पोस्टाची वाट बघवायची नाही ते बीएसएनएलच्या रात्री दोन ते सकाळी आठच्या मोकळ्या वेळेत आयएसओ (सीडीची अख्खी प्रत) उतरवायचे. पावणेआठला ९४ टक्के झालेलं असायचं.

हौशी भंगारवाला

टर्मिनलेश्वर, रेड हॅटचा मुद्दा बिनतोड. पण घरगुती मशीनवर रेड हॅट कोण टाकतंय?

रॅमचं गणित मात्र मला उलटं दिसतं. डेस्कटॉप दोनशेत उठू दे नाहीतर आठशेत, ब्राउझर उघडून बातम्यांची एक साइट आणि मेल लावली की वर एक जीबी गेलीच. पाचशे एमबी वाचवायला काकूंना अनोळखी मेनू द्यायचा, की डीडीआर२ रॅमची पट्टी शोधायची? मी पट्टी शोधतो. फक्त ४ जीबीच्या स्वस्त डीडीआर२ पट्ट्यांपासून सावध राहा. त्यातल्या बऱ्याच 'फक्त एएमडीसाठी' असतात, इंटेलच्या बोर्डावर मशीन उठतच नाही. दोन-दोन जीबीच्या दोन घ्या. आणि झेडरॅम चालू करा. रॅममधला न लागणारा भाग दाबून रॅममध्येच ठेवला जातो, डिस्कवर जायची वेळ कमी येते.

कावळा

नेहमीप्रमाणे विरोधी सूर माझा. १) मायक्रोसॉफ्ट विंडोज १० ला ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट वाढवून देतंय. २) जुनी मशीनं वीज खातात. ३) तुमच्या वेळेची किंमत शून्य धरलीये. मुंबईत लॅमिंग्टन रोडला कंपन्यांतून निघालेले आठव्या पिढीचे डेस्कटॉप रांगेने मिळतात. एक उचला, विंडोज ११ टाका, आयुष्यात पुढे जा.

हौशी भंगारवाला

१) मग ऑक्टोबर २०२६ ला परत माझ्या दारात. २) ई७५०० प्रोसेसरची उष्णता ६५ वॉटपर्यंत धरतात, म्हणजे सगळं धरून साधं काम करताना ७० वॉट समजा. रोज चार तास वापर. महिन्याला साडेआठ युनिट होत नाहीत, दहा रुपये युनिट धरलं तर ८४ रुपये. पेंटियम ४ प्रेस्कॉट मात्र खरंच नको. ८४ ते ११५ वॉट नुसता प्रोसेसर आणि काम काडीचं नाही. तो मी कुणाचाच घेत नाही, सरळ ई-कचऱ्यात. चोवीस तास चालू ठेवायचा सर्व्हर हवा असेल तरी तुमचंच बरोबर, ६ वॉटच्या एन१०० प्रोसेसरवाला मिनी पीसी घ्यावा. ३) वेळेचं म्हणाल तर लोक रविवारी क्रिकेट बघतात, त्यांना कुणी बिल मागत नाही.

गोदाकाठ

मला कळेल अशा भाषेत लिहिल्याबद्दल आभार, दादा. बाबांचा लॅपटॉप आहे, २०१३ चा. आय३ तिसरी पिढी, ४ जीबी. ते निवृत्त मुख्याध्यापक. काम म्हणजे मराठीत लेख लिहिणं, मेल, यूट्यूबवर कीर्तनं. दोन शंका. मराठी टायपिंग कसं होईल? ते इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीनेच लिहितात. आणि त्यांच्या जुन्या वर्ड फाइल्स श्रीलिपी फाँटात आहेत, त्या उघडतील का? नाहीतर तीस वर्षांचं लिखाण जायचं, आणि मी घराबाहेर.

जोडाक्षर

ताई, या विषयावर माझाही हक्क आहे म्हणून मध्येच बोलतो.

इन्स्क्रिप्ट तर लिनक्सवर पहिल्यापासून आहे. मिंटमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठीचा आराखडा जोडा, बस. फोनेटिकवाल्यांसाठी तिथेच 'मराठी कगप' दिसेल. आयबस या टायपिंगच्या साधनाबरोबर त्याची जोड एम१७एन टाकलीत तर आणखी पर्याय मिळतात. बाबांना एक दाखवून ठेवा: 'सुऱ्या', 'दऱ्या'मधला र शिफ्ट-जे, मग डी, मग य. विंडोजवर ज्यांना तो कधी सापडला नाही ते इथे खूष होतात.

लिब्रेऑफिसमध्ये (वर्डच्या जागी इथे तेच) मजकुराची भाषा मराठी ठेवा. हिंदी राहिली तर ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. मुख्याध्यापकांच्या नजरेतून ते सुटणार नाही. लोहित देवनागरीत दोन्ही वळणं आहेत, भाषेप्रमाणे निवडली जातात.

श्रीलिपीच्या फाइल्स: तुमच्या लॅपटॉपवर तो फाँट आहे ना? त्याची टीटीएफ फाइल होम फोल्डरमधल्या '.लोकल' च्या आत 'शेअर', त्यात 'फाँट्स' फोल्डर करून टाका. फाइल्स दिसतील, छापता येतील. त्यात नवीन टाइप करायला जाऊ नका. ते युनिकोड नाही, रोमन अक्षरांवर चढवलेली मराठी चित्रं आहेत. सावकाश परिवर्तक वापरून एकेक लेख युनिकोडमध्ये आणा आणि आणल्यावर मुद्रितशोधन कराच. रफार आणि पहिली वेलांटी हमखास जागा सोडतात. मूळ फाइल्स मात्र ठेवा.

हौशी भंगारवाला

जोडाक्षर, मी याच्या अर्धंही सांगू शकलो नसतो.

गोदाकाठ ताई, मिंट एक्सएफसीई डोळे झाकून टाका. एसएसडी आधी. आणि एक आग्रहाने सांगतो, त्याला विंडोजसारखं दिसणारं रूप चढवू नका. बरेच जण प्रेमापोटी तसं करतात. मग बाबांना ते विंडोजच वाटतं, ते नेटवरून विंडोजची कुठली तरी ईएक्सई फाइल उतरवतात, ती चालत नाही आणि "बिघडलंय" असा निष्कर्ष निघतो. वेगळं दिसलं की माणूस वेगळं शिकायला तयार होतो. मुख्याध्यापक तर नक्कीच.

अकाउंटवाली

सगळं छान, पण आमच्यासारख्यांचं काय? टॅली विंडोजचं, डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर विक्रेत्याने सीडीत दिलेलं, ऑफिसातला लेझर प्रिंटर पंधरा वर्षं जुना.

हौशी भंगारवाला

अकाउंटवाली, तुमच्या मुख्य मशीनवर टाकू नका. स्पष्टच सांगतो. वाइनवर (लिनक्सवर विंडोजची सॉफ्टवेअरं चालवणारं साधन) टॅली चालवून दाखवणारे भेटतील, पण ३१ जुलैच्या आदल्या रात्री ते फोन उचलणार नाहीत. टोकनांपैकी काहींना लिनक्स ड्रायव्हर आहेत, काहींना नाहीत. तुमच्या विक्रेत्याला आधी विचारा.

प्रिंटरचं म्हणाल तर एचपीचे बहुतेक प्रिंटर एचपीलिप या लिनक्ससाठीच्या सॉफ्टवेअरमुळे जोडल्याबरोबर चालतात. काही कंपन्यांच्या स्वस्त लेझरचा ड्रायव्हर मात्र खास विंडोजपुरता लिहिलेला असतो आणि तिथे रविवार वाया जातो. मिंटचा लाइव्ह पेनड्राईव्ह घेऊन ऑफिसात जा, मशीनवर काही न टाकता त्यावरून चालू करा आणि एक पान छापून बघा. छापलं तर छापलं. नाही छापलं तरी तुमचं काही बिघडलं नाही.

वऱ्हाडी ठेचा

राजेहो, आमच्या गावच्या शाळेत बारा डबे पडून आहेत. ड्युअल कोरचे, दोन-दोन जीबीवाले. मास्तर म्हनते का भंगारात द्या. मले वाटते पोरायले कामी येतीन. पन एसएसडीले पैसे कोन देइन? अन् नेट तं पावसाळ्यात नसतेच.

कोचीत स्थायिक

इथे केरळात सरकारी शाळांतले संगणक मुक्त सॉफ्टवेअरवरच चालतात. आधी आयटी ॲट स्कूल म्हणायचे, आता काइट, आणि त्यांचं स्वतःचं उबुंटूवर आधारलेलं लिनक्स आहे. माझी मुलगी त्यावरच शिकली. जिओजेब्रा, जिंप, लिब्रेऑफिस, सगळं आत. विंडोज तिने मोठेपणी पाहिलं आणि "याच्यात अपडेटसाठी मला का थांबवतात" म्हणाली.

टर्मिनलेश्वर

ठेचाभाऊ, बारा ठिकाणी बारा वेळा खपू नका. एक मशीन नीट लावा: मराठी, खेळ, खेळातून शिकवणारं जीकॉम्प्री, ऑफलाइन विकिपीडियासाठी किविक्स. मग क्लोनझिलाने त्याची प्रतिमा घ्या आणि बाकी अकरांवर ओता. नेट लागत नाही. रॅमचं म्हणाल तर बारांपैकी दोन-तीन मरतुकडे निघतीलच, त्यांच्या पट्ट्या काढून बाकीच्यांना घाला. त्याआधी रात्रभर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ लावा, सडकी पट्टी माणसाला वेडं करते.

एसएसडी नसेल तर डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे तिने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद बघा. 'रिॲलोकेटेड सेक्टर' (खराब होऊन बदललेले भाग) शून्य असेल ती डिस्क ठेवा, आकडा वाढत असेल ती फेका. अशा वेळी अँटिएक्स. इथे डिस्ट्रोने फरक पडतो, धागालेखकांनी नोंद घ्यावी.

हौशी भंगारवाला

घेतली नोंद. दोन जीबी आणि फिरती डिस्क असेल तर अँटिएक्सच.

ठेचाभाऊ, त्यात एक भर. शाळेत वीज जाते-येते. ext४... हे मराठीत कसं लिहायचं, ईएक्सटी४... ही लिनक्सची फाइल-रचना जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही ठेवते, त्यामुळे अचानक वीज गेली तरी सहसा परत उठतं. पण पोरांच्या फाइल्स जातात. लिब्रेऑफिसचं आपोआप साठवणं दोन मिनिटांवर आणा. आणि सगळ्यांचे सेल बदला, बारा एकदम घेतले तर स्वस्त पडतील.

वऱ्हाडी ठेचा

सेल घेतो बाप्पा. क्लोनझिलाचं मास्तरले दाखवतो. पयले एक मशीन करून पाह्यतो मंग सांगतो.

गोदाकाठ

झालं! बाबांच्या लॅपटॉपवर मिंट चालू आहे. वायफाय सुरुवातीला दिसत नव्हतं, तेव्हा भाच्याने मोबाईल केबलने जोडून नेट दिलं, मग ड्रायव्हर मॅनेजरने काहीतरी उतरवलं आणि दिसायला लागलं. श्रीलिपीच्या फाइल्स उघडल्या. बाबांनी पहिल्याच दिवशी विचारलं, ल सरळ का झाला? भाषा बदलल्यावर शांत झाले.

एकच अडचण. यूट्यूबवर कीर्तन अडखळतं, पंखा जोरात फिरतो आणि लॅपटॉप तापतो. विंडोजवर असं नव्हतं असं त्यांचं म्हणणं.

हौशी भंगारवाला

भाच्याला शाबासकी. काही वायफाय कार्डांचं फर्मवेअर परवान्यामुळे सोबत देता येत नाही, तिथे यूएसबी टेदरिंगसारखा उपाय नाही.

यूट्यूबचं कारण असं. ते हल्ली व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या दाबण्याच्या पद्धतींत पाठवतं. तिसऱ्या पिढीच्या आय३ मधल्या ग्राफिक्सला ते उलगडता येत नाही, त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर. एच.२६४ ही जुनी पद्धत मात्र ते आरामात उलगडतं. फायरफॉक्समध्ये एच२६४इफाय नावाचं एक्स्टेन्शन मिळतं, ते टाका. ते यूट्यूबला जुन्या पद्धतीचाच व्हिडिओ मागतं. दर्जा ७२० वर ठेवा, कीर्तनाला तेवढा पुष्कळ झाला.

तरी पंखा ओरडत राहिला तर मागचं झाकण उघडून बघा. बारा वर्षांत पंखा आणि जाळी यांच्यामध्ये धुळीचा थर बसलेला असतो, फुंकून जात नाही, ब्रशने काढावा लागतो. थर्मल पेस्टही वाळून खडू झालेली असेल. नवीन लावताना वाटाण्याएवढी पुरे. झाकण उघडताना कीबोर्डच्या पट्टीला जपा, त्या वर्षीच्या लॅपटॉपांत ती फार नाजूक असते आणि बाबांचं इन्स्क्रिप्ट तिच्यावरच चाललंय.